पाचगणीच्या शाळेतला फ्रेडी

‘क्वीन’ या विलायती वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला, हे सांगितले म्हणजे देवास गेटवरील माझ्या वर्गात पेटी शिकणारी मुले एकमेकांकडे पाहून हसतात. गोष्ट मात्र खरी आहे.

त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा. घराणे गुजरातेतील बलसाडकडचे पारशी. वडील तेथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल. मुलगा आठ वर्षांचा होताच त्याची रवानगी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाली. तेथे तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी सोबत्यांना जमवून त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा ताफा काढला. गंमत अशी, की त्यात तो पियानोवर असे; मुख्य गाणारा मुलगा निराळाच!

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि कुटुंबाला लंडनजवळ फेल्थमला आसरा घ्यावा लागला. तेथे त्याने चित्रकलेची पदविका घेतली, बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ‘क्वीन’ निघाली. तिचे बोधचिन्ह त्यानेच रेखाटले. चौघांच्या जन्मराशींचे सिंह, खेकडा आणि पऱ्या त्यात आहेत. सोबती ब्रायन मे याची गिटारही ऐकण्याजोगी. बापलेकांनी ती घरीच बनवली, आणि तिच्या दांडीला शेकोटीभोवतीच्या जुन्या चौकटीचे लाकूड वापरले.

रेशमी झगे, काळी नखे, काजळ घातलेले डोळे हा त्यांचा थाट. बालगंधर्वांच्या शालूंच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाने त्याने बिचकू नये. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचे; एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका होती. ते विलायतेत नऊ आठवडे पहिले राहिले. त्यातला भलामोठा वृंदघोष अवघ्या तिघांच्या कंठांतला आहे, एकावर एक मुद्रित केलेला.

त्याला वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत. आवाज बदलेल ही धास्ती. माझे वडील दरबारी गवई. कान बांधल्यावाचून ते थंडीत उंबरा ओलांडत नसत. तेव्हा ही धास्ती मला परकी वाटत नाही.

मात्र त्याच्या गाण्यात आपले राग शोधणाऱ्यांशी माझे जमत नाही. पाचगणीने त्याला दिला तो पाश्चात्त्य पियानो आणि मंचावर उभे राहण्याची सवय. हे काही थोडे नव्हे. त्यावर भैरवीची झूल कशाला घालावी? स्वतः तो त्या दिवसांविषयी चारचौघांत फारसे बोलतच नसे.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानावर दुष्काळनिधीसाठी तो जेमतेम वीस मिनिटे गायला. सत्तर हजारांचा समुदाय त्याच्या हातावर टाळी देत होता. पुढे एड्सने त्याला गाठले. दुखणे त्याने जगापासून लपवले; २३ नोव्हेंबर १९९१ ला ते जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले आणि देहाला लंडनमध्येच अग्नी देण्यात आला.