भुकेल्यांच्या सोबतीचा उपवास

हजरत निजामुद्दीन औलियांचे नाव निघाले की गाण्याच्या घराण्यांतील जुनी मंडळी कानाच्या पाळीस हात लावतात. अमीर खुसरोचे गुरू म्हणून ते आपणांस परिचित आहेत. त्यांच्या उपवासाची हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

रमजानचे रोजे मुसलमानांस बंधनकारक आहेत. मोहरमची दहावी तारीख म्हणजे आशुरा, आणि हजच्या महिन्यातील नववी म्हणजे अरफा. या दिवशींचा रोजा मात्र ऐच्छिक. त्यास नफल म्हणतात. ठेवला तर पुण्य, न ठेवला तर दोष नाही. मोहरम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताबूत येतात. पण सुन्नी घरांतून त्या दिवशी असा उपवासही घडतो. औलियांनी हे ऐच्छिक व्रत वर्षभर चालविले. दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस, असे पाच निषिद्ध दिवस सोडले तर त्यांचा रोजा कधी चुकला नाही.

उपवासाशी त्यांची ओळख बालपणीच झाली होती. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बदायूं येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. घरात दाणा नसला की आई बीबी जुलेखा मुलास समजावी की, आज आपण देवाघरचे पाहुणे आहोत. मुलास त्याची इतकी गोडी लागली की तो त्या दिवसाची वाट पाहू लागला. पुढे ऐन तारुण्यात ते पंजाबात अजोधनला बाबा फरीद यांच्याकडे गेले. उपवास ही अर्धी वाटचाल, बाकीची सारी साधना मिळून उरलेली अर्धी, ही गुरूची शिकवण त्यांनी जन्मभर पाळली.

दिल्लीतील आरंभीचे दिवस हलाखीचे होते. बल्बनच्या राजवटीत खरबुजे मातीमोलाने विकत. तरी हंगाम सरत आला आणि त्यांना एक फोडही मिळाली नाही. उरलेले दिवसही तसेच जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

मग काळ पालटला. यमुनाकाठी गियासपूरच्या खानकाहात नजराण्यांची रीघ लागली. लंगरखान्याची चूल विझेना. औलिया स्वतः सुलतानाच्या दरबारापासून दूर राहिले, आणि आलेले धन दारी साठू दिले नाही. दर शुक्रवारी कोठारे रिकामी होत. पंगतीमागून पंगती उठत आणि यजमान तेवढा उपाशी! पहाटे सेवक सहरीचे ताट आणी, तेव्हा मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी निजलेल्यांच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येत आणि घास घशाखाली उतरत नसे.

आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी अशी थट्टा आहे. स्वतःच्या पुण्यासाठी केलेल्या उपवासाची गत पुष्कळदा अशीच होते. औलियांचा उपवास दुसऱ्याच्या भुकेशी जोडलेला होता, म्हणून तो अखेरपर्यंत टिकला.

1325 साली अंतकाळ जवळ आला तेव्हा घरातील सर्व काही वाटून टाकण्याची त्यांनी आज्ञा केली. सेवकाने आश्रितांसाठी थोडे धान्य राखून ठेवले. हे कळताच ते रागावले, आणि कोठारांची दारे फोडून लोकांस धान्य नेऊ दिले.

त्यांची संभाषणे लिहून ठेवणारे कवी अमीर हसन आणि शिष्य बुर्हानुद्दीन गरीब हे दोघेही पुढे दख्खनेत दौलताबादेस आले. दोघांच्या कबरी जवळच खुलताबादेस आहेत. वेरूळची लेणी पाहण्यास जाणाऱ्यांची वाट तिथूनच जाते.