सत्तराव्या वाढदिवसाची भेट

बालवाडीच्या पाटीवर ‘माँटेसरी’ हा शब्द आपण अनेकदा वाचला असेल. तो शब्द एका आईचे आडनाव आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जगातील लक्षावधी आईबापांना आपल्या मुलांकडे आदराने पाहावयास शिकविणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाला चारचौघांत मुलगा म्हणता येत नव्हते. तो दिवस उजाडला तो आपल्या देशात, मद्रासजवळील अड्यार येथे. आणि त्या कथेत आपल्या अहमदनगरचाही, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचाही, वाटा आहे.

मारिया माँटेसरी यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील क्याराव्हाले या लहान गावी, कॅथलिक घराण्यात झाला. त्यांची आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, पण शिस्तीची गृहिणी होती. गोरगरिबांसाठी रोज थोडे विणकाम करण्याचा नेम तिने लेकीला घालून दिला होता. फरशीचे ठरावीक चौकोन छोटी मारिया स्वतः धुवून काढी. पुढे जगभर गाजलेल्या शिक्षणपद्धतीचे बीज अशा साध्या घरकामात होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

1896 साली त्या रोम येथे वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. मंदबुद्धी मुलांच्या सेवेत असताना सहकारी डॉक्टर ज्युझेप्पे माँतेसानो यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि 31 मार्च 1898 रोजी मारिओचा जन्म झाला. विवाह झाला नाही. अविवाहित मातेला त्या काळच्या समाजात उभे राहण्यास जागा नव्हती. तान्हे बाळ खेड्यातील एका कुटुंबात वाढण्यास ठेवण्यात आले. आई अधूनमधून त्याला भेटून येई, पण आई म्हणून नव्हे. वाचकहो, न्याय करण्याची घाई आपण करू नये. त्या रिकाम्या कुशीचे दुःख किती खोल होते हे एक प्रभूच जाणे.

6 जानेवारी 1907 रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बाईंनी ‘बालगृह’ उघडले. आईबाप मजुरीला जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत. म्हणून इमारतीच्या मालकांनी ही सोय मागितली होती. बाईंनी मुलांच्या उंचीची हलकी मेजे व खुर्च्या करविल्या. हात धुणे, गुंड्या लावणे, पाणी न सांडता ओतणे, मेज पुसणे ही कामे त्यांनी मुलांच्या हाती दिली. एके दिवशी त्यांनी नाक कसे शिंकरावे याचा धडा दिला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. शेंबड्या नाकाबद्दल बोलणी सर्वांनी ऐकली होती. नाक स्वच्छ कसे करावे, हे मात्र त्यांना कोणीच आदराने शिकविले नव्हते.

अक्षरओळखीची गोष्ट तर काटकसरीने संसार करणाऱ्या प्रत्येक गृहिणीने ऐकावी अशी आहे. बाईंना सुबक लाकडी अक्षरे हवी होती, पण ती करून देणारा कोणी मिळेना. तेव्हा त्यांनी पुठ्ठ्यावर सुताराकडील खरखरीत पॉलिशपेपरची अक्षरे कापून चिकटविली. मुले त्यांवरून बोटे फिरवीत व ध्वनी उच्चारीत. महागड्या साधनाऐवजी केलेली ही तडजोडच अधिक उपयोगी ठरली. हिवाळ्यातील एका दिवशी गच्चीवर बसलेल्या मुलाला त्यांनी खडूने धुराडे काढावयास सांगितले. त्याने चित्र काढले, आणि मग आपल्याला लिहिता येते हे उमगून तो आनंदाने ओरडत शब्दामागून शब्द लिहू लागला. वाचन त्यानंतर आले. बाईंनी खेळण्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली; चिठ्ठी वाचील त्याला ते खेळणे मिळावे, अशी योजना होती. मुलांनी खेळणी बाजूला सारली आणि चिठ्ठ्याच मागून मागून वाचल्या.

1912 च्या अखेरीस बाईंची आई वारली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याजवळ राहावयास आला, तो कायमचाच. तोच त्यांचा सोबती, दुभाषा आणि कार्याचा भागीदार झाला. परंतु लोकांत त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई.

1939 च्या नोव्हेंबरात मायलेक अड्यारला आले. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल व त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्यांना बोलाविले होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तीनशेच्या आसपास विद्यार्थी जमले. झावळ्यांच्या झोपड्यांत वर्ग भरत. बाई इटालियन भाषेत बोलत आणि मारिओ इंग्रजीत भाषांतर करी. मुक्काम काही महिन्यांचाच ठरला होता. मारिओची चार मुले हॉलंडमध्ये एका स्नेही कुटुंबाकडे राहिली होती.

10 जून 1940 रोजी इटली महायुद्धात उतरली आणि हिंदुस्थानातील इटालियन नागरिक शत्रुपक्षाचे ठरले. मारिओला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली. ज्याला एकदा लोकलज्जेने दूर केले होते, त्याच मुलाला आता महायुद्धाने दूर नेले. सत्तरीला टेकलेली आई परक्या देशात एकटी राहिली.

31 ऑगस्ट 1940 रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाला काय द्यावे याचा सरकारने विचार केला होता, आणि मुलगा परत पाठविणे हीच उत्तम भेट आहे असे ठरविले होते. तारेत मारिओचा उल्लेख पुतण्या म्हणून नव्हता, दत्तक म्हणूनही नव्हता. मुलगा म्हणूनच होता. बेचाळीस वर्षे जो शब्द लोकांसमोर उच्चारता आला नाही, तो सरकारी कागदावर आला. पुढे मृत्युपत्रातही बाईंनी त्याला आपला मुलगाच म्हटले.

परतीची वाट युद्धाने अडविली होती. ‘काही महिन्यां’ची सहा-सात वर्षे झाली. मधला काही काळ त्या कोडाईकनालला होत्या. 1946 साली त्या युरोपात गेल्या, पण पुढच्याच वर्षी अड्यारला परतल्या आणि 1949 पर्यंत येथे त्यांचे कार्य चालले. हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. 6 मे 1952 रोजी हॉलंडमध्ये त्यांना देवाज्ञा झाली. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

महात्मा गांधींनी 1931 साली लंडन येथे त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना, हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे अशी इच्छा व्यक्त केली होती. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ती मनावर घेतली. बोर्डी व पुढे कोसबाड येथे त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड अशा फुकटच्या वस्तूंतून शिक्षणाची साधने घडविली.

तेव्हा वाचकहो, हे सर्व श्रीमंतांच्या शाळेसाठी आहे असे समजू नका. मुलाच्या मुठीत मावेल असा लहान तांब्या आपल्या घरी असतोच. मटार सोलणे, डाळीतील खडे वेचणे, ताटे मांडणे ही कामे त्याला द्या. पाणी सांडले तर ओरडू नका, फडके हाती द्या. स्वयंपाकघरातील डब्यांवर ‘मीठ’, ‘साखर’, ‘पोहे’ अशा चिठ्ठ्या लावा आणि हवा तो डबा त्यालाच वाचून आणावयास सांगा. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत शास्त्रवचनाची एक ओळ त्याला वाचू द्या. तो अडखळेल, अडखळू द्या. शब्द आपण पुढे ढकलण्याऐवजी थोडे थांबा. या थांबण्याला पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो.

प्रभू येशूने बालकाला शिष्यांच्या मध्यभागी उभे केले, हे आपण वारंवार ऐकतो. परंतु प्रभू स्वतःही बालक होता आणि नासरेथच्या एका सुताराच्या साध्या घरात, कामाच्या हत्यारांमध्ये वाढला, हे आपण विसरतो. आपले मूल आज आपल्याजवळ आहे, आपल्याच नावाने ओळखले जाते. मारिया माँटेसरींना या सुखासाठी बेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. आपल्याला ते रोज सकाळी, चुलीपाशी लुडबुड करीत, आपसूक मिळते.