एंझो फेरारी : इंजिनावर जडलेला जीव

इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे १४ जुलै १९५१ रोजी ब्रिटिश ग्रां प्री संपली आणि अल्फा रोमिओ या बलाढ्य इटालियन कंपनीची सद्दी ओसरू लागली. जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाल्यापासून अल्फाची गाडी ज्या ज्या शर्यतीत उतरली, ती ती अल्फानेच जिंकली होती. अर्जेंटिनाच्या होजे फ्रोइलान गोन्झालेझने ही मालिका फेरारीच्या गाडीतून खंडित केली. दोन्ही गाड्या लाल, दोन्ही इटालियन. विशेष म्हणजे पराभूत झालेल्या अल्फाची घडण ज्या कार्यशाळेत झाली, ती एकेकाळी विजेत्या गाडीच्या मालकाचीच होती. एंझो फेरारी यांनी त्या दिवशी आपल्याच हाताखाली आकाराला आलेल्या यंत्रावर मात केली. या विजयाचा आनंद त्यांना मातृहत्येच्या भावनेसारखा बोचला, हे त्यांनी पुढे आठवणींतही नमूद केले.

फेरारी यांचा जन्म फेब्रुवारी १८९८ चा, उत्तर इटलीतील मोदेना शहरातला. वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. दहा वर्षांचे असताना वडिलांनी बोलोन्याला नेऊन दाखविलेली शर्यत त्यांच्या मनात कायमची घर करून राहिली. १९१६ मध्ये वडील आणि पाठोपाठ थोरला भाऊ गेला. पहिल्या महायुद्धात लष्कराने त्यांच्याकडे खेचरांना नाल ठोकण्याचे काम दिले. तेथून ते गंभीर आजारी होऊनच परतले. तुरिन येथील फियाटच्या कचेरीत ते नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. त्या हिवाळ्यात व्हॅलेंतिनो उद्यानातील बाकावर बसून हा तरुण रडला. १९४७ मध्ये त्याच उद्यानातील शर्यत फेरारीच्या गाडीने जिंकली, तेव्हा ते मुद्दाम जाऊन त्याच बाकावर बसले. अपमान विसरणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१९२० मध्ये ते अल्फा रोमिओकडे आले. चालक म्हणून ते चांगले होते, असामान्य नव्हते. त्यांचे खरे कसब माणसे हेरण्यात होते. फियाटचा बुद्धिमान अभियंता व्हित्तोरियो यानो १९२३ मध्ये अल्फात आला, त्यामागे फेरारी यांचाच पुढाकार होता. यानोच्या पी-२ गाडीने १९२५ चे जागतिक विजेतेपद अल्फाला मिळवून दिले. १९२९ मध्ये फेरारी यांनी मोदेनात 'स्कुदेरिया फेरारी' हा शर्यतींचा संघ स्थापन केला आणि काही वर्षांतच अल्फाच्या शर्यतींचा सारा कारभार या संघाच्या हाती आला. जर्मन सरकारचे पाठबळ लाभलेल्या मर्सिडीज आणि ऑटो युनियनपुढे मात्र इटालियन इंजिने तोकडी पडू लागली. १९३५ मध्ये नुर्बुर्गरिंग येथे ताझिओ नुव्होलारी याने जुन्या अल्फातून जर्मनांना त्यांच्याच भूमीवर हरविले, पण तो चालकाचा पराक्रम होता. इंजिनांच्या लढाईत अल्फा हरतच होती.

यावर उपाय म्हणून १९३७ मध्ये मोदेनाच्या कार्यशाळेत जोआकिनो कोलंबो या अभियंत्याने दीड लिटर क्षमतेच्या, आठ सिलिंडरच्या छोट्या गाडीचे काम हाती घेतले. तीच पुढे गाजलेली अल्फा १५८. गाडी तयार झाली, पण अल्फाने शर्यतींचा विभाग पुन्हा स्वतःकडे घेतला आणि फेरारी पगारी व्यवस्थापक झाले. हे जमण्यासारखे नव्हतेच. १९३९ मध्ये ते बाहेर पडले. चार वर्षे शर्यतींसाठी स्वतःचे नाव वापरायचे नाही, ही अट त्यांच्यावर होती. महायुद्धात मारानेल्लो येथे उभारलेल्या कारखान्यावर दोनदा बॉम्ब पडले. तरी १९४७ च्या मे महिन्यात फेरारी हे नाव मिरविणारी पहिली गाडी पियाचेन्झा येथे शर्यतीत उतरली. तिच्यात दीड लिटरचे, पण बारा सिलिंडरचे इंजिन होते. इतक्या लहान क्षमतेत बारा सिलिंडर म्हणजे अनेकांना हट्टच वाटला. आघाडीवर असताना ती गाडी इंधनपंपामुळे बंद पडली. दोनच आठवड्यांनी रोम येथे ती जिंकली.

तेव्हाच्या नियमांत दोन वाटा होत्या. सुपरचार्जर, म्हणजे सिलिंडरांत हवा दाबून भरणारे यंत्र वापरायचे असेल तर इंजिन दीड लिटरचे. ते नको असेल तर साडेचार लिटरचे. अल्फाने पहिली वाट घेतली आणि १९५१ पर्यंत चारशेहून अधिक अश्वशक्ती काढली. पण ही ताकद मद्यार्कयुक्त इंधनाच्या धारेवर उभी होती. एका किलोमीटरला लिटरभराहून अधिक इंधन लागे. शिवाय ते शर्यतीच्या मध्यात थांबून भरावे लागे. कोलंबोच्या सुपरचार्जरवाल्या इंजिनाने अल्फाशी बरोबरी होईना, तेव्हा ऑरेलिओ लाम्प्रेदी या तरुण अभियंत्याने उलट हिशेब मांडला. सुपरचार्जर नसलेले मोठे इंजिन थोडे कमजोर असले, तरी तहान कमी असल्याने ते कमी वेळा थांबेल. सिल्व्हरस्टोनला हाच हिशेब खरा ठरला. त्या वर्षीचे अजिंक्यपद फांजिओने अल्फालाच मिळवून दिले, पण हंगाम संपताच अल्फाने माघार घेतली.

फेरारी यांचे शिक्षण बेताचे होते आणि त्यांनी एकही इंजिन स्वतः आरेखले नाही. ते अभियंत्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवीत आणि त्या घर्षणातून काम करून घेत. शर्यतींना ते सहसा जात नसत. गाडी म्हणजे इंजिन, बाकीचा सांगाडा ते वाहून नेण्यापुरता, ही त्यांची श्रद्धा होती. गंमत म्हणजे अल्बेर्तो अस्कारीने १९५२ आणि १९५३ ची अजिंक्यपदे फेरारीला मिळवून दिली ती लाम्प्रेदीच्या साध्या चार सिलिंडरच्या इंजिनावर. १९५४ मध्ये मर्सिडीज परतली आणि हे इंजिन एका रात्रीत जुने झाले.

या काळाची किंमत मात्र अश्वशक्तीत मोजता येत नाही. मुलगा डिनो स्नायूंच्या असाध्य विकाराने ३० जून १९५६ रोजी गेला, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. आजारपणातही तो वडिलांशी आणि वृद्ध यानोशी सहा सिलिंडरच्या नव्या इंजिनाची चर्चा करीत असे. त्या इंजिनाला त्याचेच नाव देण्यात आले. १९५७ मध्ये मिल्ले मिलिया शर्यतीत फेरारीची गाडी प्रेक्षकांत घुसली. दोन्ही चालक आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. एंझो यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यातून ते १९६१ मध्ये सुटले. १९५८ मध्ये रॅम्स येथे माइक हॉथॉर्नने डिनोच्या इंजिनावर फ्रेंच ग्रां प्री जिंकली. त्याच शर्यतीत संघातील लुइगी मुस्सोला जीव गमवावा लागला. महिन्याभरात पीटर कॉलिन्सही गेला. हॉथॉर्न त्या वर्षी विश्वविजेता झाला, पण निवृत्तीनंतर १९५९ च्या जानेवारीत रस्त्यावरील अपघातात त्याचेही निधन झाले. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने फेरारी यांची तुलना स्वतःची मुले गिळणाऱ्या सॅटर्नशी केली. टीका कठोर होती, पण अन्याय्य म्हणणे अवघड आहे.

इंजिनावरील श्रद्धेने त्यांना आंधळेही केले. इंग्लंडच्या कूपर कंपनीने लहानसे इंजिन चालकाच्या मागे बसवून १९५९ आणि १९६० ची अजिंक्यपदे जिंकली. बैल गाडीच्या पुढे असतो, या दाखल्यावर फेरारी अडून बसले होते. अखेर १९६१ मध्ये त्यांनीही इंजिन मागे नेले आणि फिल हिलने विजेतेपद मिळविले. पण त्याच हंगामात मोन्झा येथे व्होल्फगांग फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षकांचा बळी गेला.

पुढला प्रतिस्पर्धी अमेरिकेचा होता. फोर्ड १९६३ मध्ये कंपनी विकत घेणार होती. शर्यतींवरचे नियंत्रण जाणार हे लक्षात येताच फेरारी यांनी व्यवहार मोडला. दुखावलेल्या फोर्डने सात लिटरच्या अजस्र इंजिनांसह १९६६ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तीनही क्रमांक पटकाविले. त्याआधी सलग सहा वर्षे तेथे फेरारीच जिंकत आली होती. फोर्डच्याच पैशांतून कॉसवर्थ या ब्रिटिश कंपनीने तीन लिटरचे, आठ सिलिंडरचे डीएफव्ही इंजिन बनविले. ते हलके होते, आटोपशीर होते आणि मुख्य म्हणजे विकत मिळत होते. १९६८ ते १९७४ अशी सलग सात वर्षे फॉर्म्युला वनचा विश्वविजेता याच इंजिनावर घडला. स्वतःचे इंजिन स्वतःच घडविणाऱ्या फेरारी यांना याहून मोठा टोला कोणता बसणार? १९६९ मध्ये त्यांनी निम्मी मालकी फियाटला दिली, तीही शर्यतींचा कारभार आपल्या हाती राखून.

उत्तर दिले मौरो फोर्गिएरी याने. त्याच्या बारा सिलिंडरच्या आडव्या इंजिनात ताकद कॉसवर्थपेक्षा अधिक होती आणि वजन जमिनीलगत होते. निकी लाउडा १९७५ व १९७७ मध्ये, तर जोडी शेक्टर १९७९ मध्ये त्यावर विश्वविजेता झाला. पण तोवर गाडीच्या तळाशी हवेचे बोगदे ठेवून ती रस्त्याला चिकटवून धरण्याचे तंत्र आले होते आणि रुंद, आडवे इंजिन नेमके त्या बोगद्यांच्या वाटेत येत होते. १९८० मध्ये विश्वविजेत्या शेक्टरला जेमतेम दोन गुण मिळाले. पुढच्याच वर्षी फेरारी टर्बो इंजिनाकडे वळली. ही वाट १९७७ मध्ये रेनोने उघडली होती. १९८२ मध्ये उत्पादकांचे विजेतेपद परत आले, मात्र त्याच हंगामात लाडक्या जिल व्हिलनव्हचा मृत्यू झाला.

वार्धक्यातही हट्ट सुटला नव्हता. नव्या नियमांत बारा सिलिंडरना बंदी येणार, अशी चिन्हे दिसताच त्यांनी अमेरिकेतील शर्यतींत जाण्याची धमकी दिली आणि त्यासाठी १९८६ मध्ये एक गाडी खरोखरच बनवून दाखविली. बारा सिलिंडरना मुभा राहिली. १४ ऑगस्ट १९८८ रोजी मोदेना येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या वर्षी होंडाच्या टर्बो इंजिनापुढे कोणाचेच काही चालत नव्हते. मॅक्लारेन-होंडाने हंगामातील सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. उरलेली एक ११ सप्टेंबरला मोन्झा येथे झाली. अ‍ॅलन प्रॉस्टच्या इंजिनाने दगा दिला, दोन फेऱ्या उरल्या असताना आयर्टन सेना दुसऱ्या गाडीला धडकला आणि गेरहार्ड बर्गर व मिकेले अल्बोरेतो यांच्या फेरारी पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या. मारानेल्लोचा म्हातारा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.