व्हायोलिनवाले गजाननबुवा

आमच्या मंडळाच्या भजनात मी टाळ धरते. पेटी शिकावी असे फार मनात येई. पण सातवी शिकलेल्या, चाळिशी उलटलेल्या बाईने आता कोणापुढे बसावे, अशी लाज वाटे. पं. गजाननबुवा जोशी यांचे चरित्र कळले आणि मन पालटले.

बुवांचा जन्म १९११ साली मुंबईस झाला. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य व औंध संस्थानचे गवई. त्यामुळे ग्वाल्हेरची गायकी घरातच मिळाली. व्हायोलिन मात्र परदेशी वाद्य. बुवांनी ते स्वतःच्या मेहनतीने साधले, गळ्यातले गाणे तारांवर उतरविले आणि साथीच्या वाद्याला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली.

नाव झाले की माणूस थांबतो. बुवा थांबले नाहीत. जयपूरची तालीम त्यांनी भूर्जीखाँसाहेबांकडे घेतली, आग्र्याची विलायत हुसेन खाँसाहेबांकडे. घराण्याचा अभिमान कडक असण्याच्या त्या काळात हे सोपे नव्हते. पुढे आकाशवाणीत त्यांनी संगीताची जबाबदारी वाहिली. १९७२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडविले. उत्तरायुष्यात ते डोंबिवलीस राहत. १९८७ साली ते गेले.

भगिनींनो, डोंबिवली म्हणजे आपल्या आसनगावाहून लोकलचाच प्रवास! एवढा मोठा माणूस पुन्हा पुन्हा शिष्य झाला, मग मला कसली लाज? यंदा मी पेटी घेतली आहे. बोटे अडखळतात, पण रोज बसते.