बँकॉकच्या रेशमाचे सौदागर

थायलंडची राजधानी बँकॉक. या शहराला भेट देणारा प्रवासी परतताना बहुधा रेशमाची एखादी वस्तू घेऊन येतो. कोणी रुमाल घेतो, कोणी ओढणी, तर कोणी उशीचा अभ्रा. हे कापड हातात धरून थोडे हलवून पाहा, त्याचा रंग बदलल्यासारखा वाटेल. त्याचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून असे होते. ताणाबाणा हा शब्द तुमच्या उर्दूतही आहेच!

एके काळी हे रेशीम नाहीसे होण्याच्या बेतात होते. ते जगापुढे आणणारे जिम थॉम्पसन मात्र थायलंडचे नव्हते. त्यांचा जन्म 1906 साली अमेरिकेत झाला. शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कमध्ये इमारतींचे आराखडे तयार करू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या गुप्तहेर खात्यात गेले आणि 1945 साली बँकॉकला पोहोचले. युद्ध संपले होते. शहर त्यांना आवडले आणि ते तेथेच राहिले.

बँकॉकमध्ये सेन सेप नावाचा कालवा आहे. त्याच्या काठी बान ख्रुआ ही वस्ती आहे. येथील लोक चाम मुसलमान. त्यांचे पूर्वज कंबोडियाकडून आले, सयामच्या राजाच्या सैन्यात लढले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांना येथे जागा मिळाली. मशिदीच्या आसपासच्या घरांतून हातमाग चालत. पण बाजारात यंत्रावरचे स्वस्त कापड आले आणि लोकांनी माग सोडले. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना हे दुःख समजावून सांगायला नको. थॉम्पसन तेथे गेले, तेव्हा थोडीच कुटुंबे विणत होती.

1947 साली थॉम्पसन रेशमाचे नमुने घेऊन न्यूयॉर्कला गेले. 'व्होग' या प्रसिद्ध मासिकाच्या संपादिकेला त्यांनी ते दाखवले. तिला ते फार आवडले. पुढच्याच वर्षी त्यांनी कंपनी काढली. 1951 साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर सयामच्या राजावरचे 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक आले. त्यातील पोशाखांसाठी हेच रेशीम वापरले गेले आणि मागणी वाढली.

थॉम्पसन यांनी विणकरांना कारखान्यात बोलावले नाही. ज्याचा माग त्याच्या घरीच राहिला. बायका घर सांभाळून विणत आणि पैसे मिळवत. जुने रंग धुतल्यावर उतरत, म्हणून त्यांनी परदेशातून पक्के रंग आणवले. स्वतः हातावर कापड टाकून ते हॉटेलांत प्रवाशांना दाखवत. माझ्या मते, त्यांचे खरे कसब येथेच होते. विणणे तर त्या वस्तीला आधीपासून येत होते; गिऱ्हाईक मिळत नव्हते.

1959 साली त्यांनी कालव्याच्या दुसऱ्या काठावर, बान ख्रुआच्या अगदी समोर, घर बांधले. सागवानाची सहा जुनी घरे उचलून आणून ती तेथे जोडली. त्यांतील काही भाग बान ख्रुआतलाच होता. सकाळी कालवा ओलांडून ते विणकरांकडे जात आणि काम पाहत.

मार्च 1967 मध्ये ते मित्रांबरोबर मलेशियातील कॅमेरून हायलँड्स या थंड हवेच्या ठिकाणी गेले. 26 तारखेला दुपारी ते फिरायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. पोलीस, सैनिक आणि जंगलाची माहिती असलेले आदिवासी यांनी कितीतरी दिवस रान धुंडाळले. काहीच सापडले नाही. 1974 साली त्यांना कायद्याने मृत ठरवण्यात आले.

त्यांची कंपनी वाढत गेली, पण विणकाम बँकॉकबाहेर पाक थोंग चाय येथील मोठ्या कारखान्यात गेले. बान ख्रुआचे माग एकेक करून थांबले. पुढे या वस्तीतून मोठा रस्ता काढण्याचा बेत झाला, तेव्हा रहिवाशांनी वर्षानुवर्षे झगडून आपली घरे वाचवली.

थॉम्पसन यांच्या घरात आज वस्तुसंग्रहालय आहे. प्रवासी तेथे रांग लावतात आणि तेथील दुकानातून रेशीम घेतात. त्या रेशमावर नाव असते थॉम्पसन यांचे. कालव्यापलीकडे बान ख्रुआच्या अरुंद गल्ल्या आहेत. एकविसाव्या शतकातही तेथे एक-दोन घरांत हातमाग चालू राहिले. कापड घ्यायला आलेल्याला तेथे विणणाऱ्याच्या हातूनच कापड मिळे.