परवाना मिळाला, दुकान मांडले नाही

औषधाच्या दुकानात कायमची नोकरी लागली, ती नकोशी वाटते आणि सोडवतही नाही, अशी तक्रार घेऊन ठाणे-डोंबिवलीकडची बी.फार्म. झालेली मुले भेटतात. त्यांना मी जॉन कीट्सबद्दल सांगतो.

हा इंग्रज कवी मूळचा आपल्याच क्षेत्रातला. १८१० मध्ये आई क्षयाने गेली. पालकत्व घेतलेल्या चहाच्या व्यापाऱ्याने, रिचर्ड अ‍ॅबी यांनी, त्याला लंडनजवळ एडमंटनला एका ‘अपोथेकरी’च्या हाताखाली ठेवले. अपोथेकरी म्हणजे अर्धा डॉक्टर, अर्धा केमिस्ट. रोगी तपासायचा आणि औषधही आपणच खलून द्यायचे. पुढे गाय्ज हॉस्पिटलात तो ड्रेसर झाला. भूल नव्हती तेव्हा. त्या शस्त्रक्रिया कशा असतील, कल्पनाच करावी. २५ जुलै १८१६ ला परवान्याची परीक्षा तो पास झाला. वय २०. व्यवसायाला २१ पूर्ण लागत. ते झाल्यावर त्याने अ‍ॅबींना सांगून टाकले, हा धंदा करणार नाही. परीक्षा मात्र त्याने बुडवली नव्हती. १८१९ मध्ये पैशांची ओढाताण झाली, तेव्हा हिंदुस्थानच्या जहाजावर सर्जन होण्याचा विचार त्याला करता आला, तो याच शिक्षणाच्या जोरावर.

धाकटा भाऊ टॉम १८१८ मध्ये क्षयानेच गेला. त्याची शुश्रूषा कीट्सने केली होती. ३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री खोकल्यातून स्वतःचे रक्त पडले. मेणबत्ती मागवून त्याने रंग पाहिला. लालभडक. निदान त्याचे त्यानेच केले. डॉक्टरांनी रक्त काढले. रोममध्ये तर जठराचा विकार समजून जवळजवळ उपाशी ठेवले. २३ फेब्रुवारी १८२१ ला तो तिथेच वारला. वय २५. क्षयाचा जंतू कॉखने दाखवला तो १८८२ मध्ये.