ऑलिंपिकवीर खाशाबा

कृष्णा आणि कोयना या दोन नद्या कऱ्हाडला समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात, आणि तेथून कृष्णा वाळवे तालुक्यातून सांगलीकडे वाहत जाते. या नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांत एके काळी देवळाइतकाच तालमीला मान होता. आज सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे असले, तरी १९४९ पूर्वी वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. जत्रा आली, की एका गावचा मल्ल दुसऱ्या गावच्या फडात उतरे, जिंकला तर नारळ, फेटा आणि बक्षिसाचे रुपये घेऊन परते, आणि पुढचे कित्येक दिवस पारावर त्याच्या डावांची चर्चा चाले. अशा या मुलुखात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर नावाच्या लहानशा गावी, १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला.

खाशाबांचे वडील दादासाहेब जाधव हे स्वतः नाणावलेले पहिलवान होते. त्यांना पाच मुलगे. खाशाबा सर्वांत धाकटे. घरात पाचही भावांना मातीचा नाद होता, त्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षीच खाशाबा लंगोट लावून हौद्यात उतरले यात नवल नाही. अंगापिंडाने ते थोराड नव्हते. उंची बेताची, शरीर आटोपशीर. अनोळखी माणसाने पाहिले असते, तर हा मुलगा पुढे कोणाला अस्मान दाखवील असे त्याला मुळीच वाटले नसते. पण चपळाई विलक्षण होती, आणि समोरचा गडी काय करणार हे त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखण्याची नजर त्यांना लहानपणीच लाभली होती.

१९४० पासून १९४७ पर्यंत खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले. शाळेत ते केवळ कुस्तीच खेळत असे नाही. धावणे, पोहणे, मल्लखांब, हातोडाफेक, वजन उचलणे, या साऱ्यांत त्यांना गती होती. त्याच सुमारास देशात स्वातंत्र्याचा लढा पेटला होता. १९४२ साली सातारा जिल्ह्याने केवढा पराक्रम केला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेलच. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी भूमिगत राहून काम करीत होते, आणि गावोगावची साधी माणसे त्यांना आसरा देत होती. विद्यार्थिदशेतील खाशाबांनीही भूमिगतांना साहाय्य केले व त्यांचे निरोप इकडून तिकडे पोचविले. पुढे देश स्वतंत्र झाला, तेव्हा जगाच्या मैदानावर आपल्या देशाचा तिरंगा फडकलेला पाहावा, अशी आकांक्षा या तरुणाच्या मनात मूळ धरून बसली.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लांचे माहेरघर. शाहू महाराजांनी बांधविलेले तेथील खासबाग मैदान पाहिले, की त्या नगरीत कुस्तीला किती प्रतिष्ठा होती याची कल्पना येते. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक खाशाबांना लाभले. तेथे त्यांच्या अंगचे डाव पक्के झाले, आणि महाविद्यालयांच्या स्पर्धांत त्यांचे नाव गाजू लागले.

येथे कुस्तीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढची हकीकत नीट समजेल. आपल्याकडील कुस्ती तांबड्या मातीत होते. निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चीत झाला, की कुस्ती संपली. मग त्याला दोन मिनिटे लागोत, नाही तर तास लागो. घड्याळाकडे कोणी पाहत नाही. ऑलिंपिकमधील कुस्ती मात्र गादीवर होते. तेथे वेळ ठरलेला असतो, पंच प्रत्येक पकडीला गुण देतात, आणि कोणी चीत झाला नाही, तर गुणांची बेरीज पाहून निकाल लागतो. मातीत पाय रुतवून उभा राहणारा मल्ल गादीवर गेला, की त्याला पायाखालची भूमीच परकी वाटू लागते. दमाने, वाट पाहून लढण्याची सवय असलेल्या गड्याला घड्याळ हा दुसरा प्रतिस्पर्धीच होऊन बसतो.

खाशाबांच्या आधीही आपल्याकडचे काही खेळाडू या परक्या मैदानावर जाऊन आले होते. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारतातून एक लहानसे पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे दातार हे मॅरेथॉन शर्यतीत धावले. त्या वर्षीची शर्यत ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती, म्हणजे आजच्यापेक्षाही लांब. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचले व त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमायनेन त्यांच्या सुमारे अठरा मिनिटे आधी पोचला होता. कुस्तीत रणधीर शिंदे यांचा क्रमांक चौथा आला. तिसऱ्याला पदक मिळते, चौथ्याला मिळत नाही. अँटवर्पहून आपली माणसे रिकाम्या हातांनी परतली.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. खाशाबांची निवड झाली, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडनला गेल्यावर रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना गादीवरील कुस्तीचे धडे दिले. अवघ्या काही दिवसांत जितके शिकता येईल तितके ते शिकले. सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलो वजनाच्या गटात ते उतरले, आणि ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच हरविले. तेव्हा हा लहानखुरा गडी कोण, असे प्रेक्षक एकमेकांना विचारू लागले असतील. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही त्यांनी नमविले. परंतु इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचा निभाव लागला नाही. खाशाबांचा क्रमांक सहावा लागला.

पहिल्याच खेपेस, अपरिचित गादीवर, जगात सहावा येणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. खाशाबांचे मन मात्र त्यात रमले नाही. पदक मिळवावयाचे म्हणून ते गेले होते, आणि ते मिळाले नव्हते. आपण ताकदीत उणे पडलो नाही, तर गादीच्या आणि गुणांच्या खेळात उणे पडलो, हे त्यांनी ओळखले. पुढची चार वर्षे त्यांनी ती उणीव भरून काढण्यात घालविली. रोज हजारभर बैठका, दोन-तीनशे जोर, त्यावर लढती. वजनही वाढले, म्हणून ते आता ५७ किलोच्या गटात खेळू लागले. या गटातील प्रतिस्पर्धी अधिक बळकट असणार, हे उघडच होते.

१९५२ चे सामने फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ठरले, आणि खाशाबांची खरी कुस्ती तेथे पोचण्यापूर्वीच सुरू झाली. मद्रास येथील स्पर्धेत आपल्याला गुण देताना अन्याय झाला व त्यामुळे आपले नाव वगळले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी खाशाबांची आणि निरंजन दास या मल्लाची कुस्ती ठरविली. खाशाबांनी निरंजन दासांना चीत केले, आणि वाद संपला.

निवड तर झाली. पण जावयाचे कसे? सरकारकडून मिळणारी मदत अपुरी होती. शेतकऱ्याच्या घरात एवढे रुपये कोठून असणार? मग गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी जमविली. दुकानदारांनी आपापल्या परीने हातभार लावला. तरीही रक्कम भरेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये आणून खाशाबांच्या हाती दिले. त्या काळी सात हजार रुपये म्हणजे मोठीच रक्कम. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावे, असे फार वेळा घडत नाही, आणि विद्यार्थ्याच्या मनावर त्याचे केवढे ओझे असेल, याचा आपण विचार करून पाहावा.

हेलसिंकीचे ते सामने जगभर गाजले. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार आणि दहा हजार मीटरच्या शर्यती जिंकून शेवटी मॅरेथॉनही जिंकली, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता! भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक राखले. या गडबडीत भारताच्या एका मल्लाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. पण खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकिनला हरविले, मग मेक्सिकोच्या बासुर्तोला हरविले, आणि ते पुढे सरकत राहिले. अखेर पदक त्यांच्या टप्प्यात आले. आता समोर दोघे होते: जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह.

इशीशी झालेली कुस्ती चांगलीच लांबली. दोघेही चपळ, दोघेही हट्टी. पाऊण घटकेच्या जवळपास दोघे एकमेकांना भिडले होते, पण कोणी चीत होईना. शेवटी गुणांवर निकाल लागला आणि तो इशीच्या बाजूने गेला. मामेदबेकोव्हलाही खाशाबांना चीत करता आले नाही. तेथेही गुणच आडवे आले. या दोन कुस्त्यांविषयी एक हकीकत सांगितली जाते. नियमाप्रमाणे दोन लढतींच्या मध्ये मल्लाला निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती खाशाबांना मिळाली नाही. थकलेल्या शरीराने त्यांना पुन्हा गादीवर उभे राहावे लागले. नियमावर बोट ठेवून पंचांशी भांडावयास त्या वेळी आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, आणि परक्या देशात, परक्या भाषेत, एकटा मल्ल काय बोलणार?

अर्धा तास मिळाला असता, तर काय झाले असते? याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. इशी आणि मामेदबेकोव्ह हे दोघेही थोर मल्ल होते, आणि त्यांचे यश कमी लेखण्याचे कारण नाही. सुवर्णपदक इशीला मिळाले, रौप्यपदक मामेदबेकोव्हला, आणि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक खाशाबांना मिळाले. ज्या पदकासाठी ते निघाले होते, ते हे नव्हते. तथापि स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. त्याच सामन्यांत कोल्हापूरचे केशव माणगावे हे दुसऱ्या गटात चौथे आले, म्हणजे अँटवर्पच्या शिंद्यांप्रमाणेच पदक त्यांच्या हातून थोडक्यात निसटले.

खाशाबा परत आले, तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनावर माणसांची रीघ लागली होती. शंभरांहून अधिक बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. ढोल, लेझीम, गुलाल यांनी रस्ता भरून गेला. एरवी थोड्या वेळात जाता येईल अशा त्या वाटेवर गोळेश्वरला पोचावयास त्या दिवशी सात तास लागले. घड्याळाची घाई कोणालाच नव्हती.

उत्सव संपला, आणि खाशाबांना सात हजार रुपयांची आठवण झाली. ती ते विसरले नव्हतेच. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. पुढच्या वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक सामने होते. परंतु गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे त्यांना जाता आले नाही. तिसरी संधी अशी हुकली. पोलीस खात्यात त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी केली, खात्याच्या स्पर्धा गाजविल्या आणि तरुण मल्लांना शिकविले. बढती मात्र फार उशिरा मिळाली, आणि निवृत्तीनंतरचे दिवस ओढग्रस्तीचे गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा कोठे लोकांना गोळेश्वरच्या मल्लाची पुन्हा आठवण झाली. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० मध्ये दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा तेथील कुस्तीच्या क्रीडागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले, आणि त्या गृहात, गादीवर, भारताच्या मल्लांनी दहा सुवर्णपदके जिंकली.